रोवलेला मुद्देमाल

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की थकायला होतं. सिहोऱ्याकडच्या धानपट्ट्यात माझी शेवटची नेमणूक होती.

ऐन रोवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एका कृषी प्रकल्पाचा तरुण अधिकारी ठाण्यात आला. लहान शेतकऱ्यांना नव्या वाणाचं धान देऊन त्याची चाचणी चालली होती. चाचणी पार पडली की शेतकऱ्याला सौर पंप मिळणार होता. एका शेतकऱ्याच्या वाफ्यातली निम्मी रोपं, आमच्याकडे त्यांना परे म्हणतात, नाहीशी झाली होती. फिर्याद अधिकाऱ्यानंच दिली. शेतकरी शेजारी मान खाली घालून बसला होता. धानाच्या रोपांची चोरी म्हटल्यावर हवालदार हसला. मला तेवढाही उत्साह नव्हता. गुन्हा नोंदवला.

खबर चहावाल्यानं दिली. त्या शेतकऱ्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ज्याचं शेत, त्या शेजाऱ्याचे परे पाण्यात सडले होते, तरी त्याची रोवणी झाली होती. त्याला बोलावलं. बसायच्या आत तो म्हणाला, "मीच चोरलो जी. एकट्यानं."

इतकी सरळ कबुली मिळाली की जुना पोलीस सावध होतो. परे उपटायचे, मुळं धुवायची, जुड्या बांधायच्या, याला बायांच्या टोळीला दिवस जातो. एकट्यानं कसं केलं, असं फिरवून फिरवून विचारलं. तो तेच वाक्य म्हणत राहिला.

मग पंच घेऊन शेतावर गेलो. मुद्देमाल चिखलात हिरवागार उभा होता. जप्त करायचा म्हणजे उपटायचा, आणि उपटला की त्या घरचा वर्षाचा भात गेला. तेवढ्यात प्रकल्पातला शेतकरी धुऱ्यावरून धावत आला.

"उपटू नका सायेब. मीनंच देले त्याले."

आधी का बोलला नाहीस म्हणून मी त्याच्यावर चिडलो. प्रकल्पाची रोपं बाहेर दिली हे कळलं तर पंप जाईल, ही भीती.

"पन परे मांगाले आला त्याले नाही म्हनत नाही जी आमच्यात."

गावातल्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. उपटायला त्याच तर होत्या. आणि याचा पंप वाचावा म्हणून शेजारी चोर व्हायला निघाला होता.

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. प्रकल्पाच्या अधिकाऱ्याला परोपरीनं समजावलं. पोरगा वाईट नव्हता, पण नियम त्याच्या हातात नव्हते. प्रकल्पातून शेतकऱ्याचं नाव कटलं, पंप गेला. ते सांगायलाही मीच गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचं धान तं आता कोनी उपटनार नाही ना, सायेब?"

नाही म्हटलं. तो परत चिखलात उतरला.

नोकरीत पुष्कळ चोर पकडले, काही सुटले. पण ज्या केसमध्ये गुन्हेगारच नसतो तिथंही शिक्षा होते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्यालाच होते, हे मला त्या धुऱ्यावर कळलं. त्याला नियम आडवा आला. माझ्या खात्याकडं त्यावर कलम नव्हतं.