जंतूबाईंची जपणूक

जंतूबाई कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. पण स्वतःच्या मुलीचा जीव घेणारा जंतू त्यांनी कॉलेजच्या फ्रिजमध्ये जिवंत ठेवला होता.

लातूरला त्या आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर गेलं, माणसं वाचली. मग पत्र्याच्या शेडमध्ये, सामाईक कढईतलं खाऊन रक्ती आव पसरली. मोठी माणसं उठली, लेकरं गेली. त्यांत त्यांची चिमी. तिचा नमुना बाईंनी स्वतः आणून वाढवला. निघाला शिगेला, रक्ती आवेचा जंतू.

बाई जंतूंना गावांची नावं देत. नळ्यांवर 'उदगीर', 'कंधार'. चिमीच्या नळीवर 'शेड'. दर दोन-तीन महिन्यांनी जंतू ताज्या खुराकाच्या नळीत हलवायचे, नाहीतर मरतात. बाईंनी हे वर्षानुवर्षं केलं.

तोवर गावभर प्रवेशपरीक्षांचे क्लासेस झाले होते. पोरं घाईत असायची.

"मॅडम, शिगेलानं काय होतं, एका ओळीत सांगा ना."

"कोणता शिगेला? एका आडनावाची सगळी माणसं सारखी असतात का रे?"

"परीक्षेत तसं विचारत न्हाईत, मॅडम."

"आजार विचारतो."

एकदा एका मेसमध्येही शिगेलाच निघाला. पोरं दोन दिवसांत बरी होऊन क्लासला गेली. "चिमी लहान होती म्हणून गेली, म्हणतात सगळे," बाई मला म्हणाल्या. "मेसवाल्याचं लेकरू तिच्याएवढंच हाय. तेबी आजारी पडलं, आता खेळायलंय. मग माझ्याच वाट्याला असा कसा आला गं?"

शेवटी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं शेडच्या आणि मेसच्या जंतूंची जनुकं ताडून बघायचं कबूल केलं. मी तेव्हा बाईंच्या हाताखाली होते. पाठवण्याआधी आम्ही दोन्ही जंतू लाल रंग मिसळलेल्या खुराकाच्या थाळीत वाढवले. पोटात शिरायचा जोर असलेला शिगेला तिथं लाल ठिपके धरतो.

मेसचा लाल आला. शेडचा पांढराफटक.

'शेड'च्या सगळ्या जुन्या नळ्या लावून पाहिल्या. पांढऱ्याच.

"आयतं खायला घातलं मी," बाई म्हणाल्या. "पोटात शिरायची गरज उरली न्हाई. शिरायचं सामानच टाकून दिलं त्यानं. लई लाड केले गं."

"एक तरी नळी ठेवा, मॅडम."

"कशाला? चिमीला मारणारा कधीच गेला. हा दुसराच कुणी हाय."

त्यांनी 'शेड'च्या सगळ्या नळ्या कुकरमध्ये ठेवल्या, झाकण लावलं आणि शिट्ट्या होईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. नंतर नळ्या घासल्या, पालथ्या घातल्या. नावाच्या पट्ट्या मात्र भिजून आपोआप सुटल्या नाहीत. त्या नखानं खरवडाव्या लागल्या.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नांदेडला माझ्या लॅबमध्ये लेकराचा नमुना आला की त्यातला जंतू मी लगेच गोठवते, म्हणजे तो आला तसाच राहतो. वाढवत बसत नाही.