छपराचं काय?

"ते सगळं ठीक आहे, पण छपराचं काय?"

हे वाक्य आलं की आमच्या वर्गातले निम्मे कपाळावर हात मारायचे आणि निम्मे खूश व्हायचे, कारण पुढचा तास बुडणार हे नक्की. मी खूश होणाऱ्यांतला. तेव्हा गुडगावात शेतं विकून टॉवर उठत होते, आणि गाझियाबादेत कारखान्यांच्या मागे एका सेमिनरीत आम्ही चर्चचे पाळक व्हायला शिकत होतो. मराठी आम्ही दोघंच, मी आणि हे वाक्य टाकणारा तो. तो नगरकडच्या खेड्यातला, उंच, हाडकुळा, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं.

त्या वर्षी अभ्यासाला बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान होतं. त्यातली ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. येशू घरात बोलतोय, मुंगी शिरायला जागा नाही. मग चौघं जण लुळ्या पडलेल्या माणसाला खाटेसकट वर चढवतात, छप्पर उकरतात आणि त्याला खाली सोडतात. तो बरा होतो, खाट उचलून चालायला लागतो. सर त्यावर पापक्षमा, अधिकार, शास्त्र्यांचा विरोध असं बरंच सांगायचे. मग याचा हात वर.

"सर, वो सब ठीक है. पर छप्पर का क्या?"

"वो मार्क ने नहीं लिखा."

"म्हणजे घरवाले बिचारे उघड्यावर!" हे मला, मराठीत, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं.

सर केरळचे. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही तीच. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा याच्या डोक्यात आलं, खाट खाली सोडताना माणूस घसरत कसा नाही? "करून बघू ना यार." नाक्यावरच्या चहावाल्याची खाट आली, सायकलींच्या शेडवर चढली. लुळा मी, कारण वजनाने सगळ्यांत हलका. शेडचे पत्रे सिमेंटचे होते, ते उकरावे लागलेच नाहीत, आपणच फुटले. मी खाटेसकट थेट सायकलींवर उतरलो. समोर सर उभे. मी इतका घाबरलो की उठलो, खाट उचलली आणि चालायला लागलो.

सर हसले नाहीत. "संडे को गुडगाव में तुम्हारा प्रवचन है," ते याला म्हणाले, "इसी पाठ पर. फेल हुए तो घर."

तो ग्रीकमध्ये आधीच एकदा गचकला होता, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती. त्याच्या गावाला पाळक नव्हता. कुणी गेलं तर तालुक्याहून पाळक येईपर्यंत प्रेत ताटकळायचं. त्याची आईही तशीच ताटकळली होती. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती.

गुडगावची मंडळी एका नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमायची. हा त्याच्या नगरी हिंदीत सुरू झाला. "आपके यहाँ चार लोग बीमार को लेके आए, तो पहले गार्ड पूछेगा, कौन से फ्लॅट में जाना है? और छत तोडी, तो ऊपर शर्मा जी का बाथरूम निकलेगा!" मंडळी खदखदून हसली. सर मात्र उठून उभे राहिले.

"अच्छा. तो छप्पर का क्या?"

याने लावलेलंच बटण पुन्हा चाचपलं.

"सर, मार्क ने लिखा है, उस दिन येशू घर पे था. आगे लिखा है, वो बढ़ई था, लकड़ी का काम करता था. वो चार तो नाचते हुए गए होंगे. लोग भी गए होंगे. फिर उसने सीढ़ी लगाई होगी."

"बिल्कुल," सर म्हणाले आणि खाली बसले. हाच निकाल.

पुढे तो गावी गेला, तिथलाच पाळक झाला. आता तिथे कुणाला ताटकळावं लागत नाही, असं कळतं. आमची भेट काही झाली नाही, आणि मला त्याची फार आठवण येते. शेवटचा दिसला तो निघायच्या दिवशी. ऑटो फाटकाशी उभी, वळकटी आत, आणि याचा पत्ता नाही. शोधत गेलो तर सायकलींच्या शेडवर नवा पत्रा ठोकत बसलेला. खाली सर, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हातांनी शिडी धरून.

"अरे, गाडी सुटेल!" मी ओरडलो.

"ते सगळं ठीक आहे," वरून आवाज आला, "पण छपराचं काय?"

सरांना मराठी येत नव्हतं. तरी शिडी गदगद हलायला लागली, कारण ती धरणारा हसत होता.