मुन्शीजी आधी किंमत विचारतात

घर विकताना तुम्ही खरी किंमत कागदावर लिहाल का? लगेच हो म्हणू नका. मीही म्हणायचो, करचुकव्यांविरुद्ध मी सभा घेतल्या होत्या आणि पत्रकं छापून ती अख्ख्या परदेशीपुऱ्यात वाटली होती.

मग छत्रीबागेतलं आमचं घर विकायला निघालो. रजिस्ट्रीच्या कचेरीबाहेर एक म्हातारे दस्तलेखक बसत. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने किंमत सांगेपर्यंत ते टाक दौतीत बुडवत नसत; सुपारी कातरत राहत.

घर घेणारे शेठ म्हणाले, "निम्मीच किंमत लिहा, मुन्शीजी. बाकी मी यांच्या हातात देतो. यांचा नफ्यावरचा टॅक्स बचेल, माझी स्टँप ड्यूटी."

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. "भिया, तुम्ही बोला."

"शेठ म्हणतात तसंच..."

"मकान अजून शेठचं झालं नाही ना? तुम्ही किती घेताय?"

मी निम्मा आकडा पुटपुटलो.

"जोर से, भिया! सभेत तर तुमचा आवाज चौकापर्यंत येतो."

शेजारी ताटकळलेले चारपाच जण हसले. माझे कान तापले आणि तोंडातून पूर्ण किंमत निघाली. शेठ चरफडले, पण सौदा मोडला नाही. मुन्शीजींनी टाक बुडवला. मी कर भरला, तो तत्त्वापायी नव्हे, त्या हसण्यापायी.

म्हणून विनंती आहे: तुमचं घर विकाल तेव्हा कचेरीत एकटे जाऊ नका. तुम्हाला ओळखणारे चार लोक सोबत न्या आणि किंमत त्यांच्यासमोर मोठ्याने सांगा.