ऋषीची रात्र

माझ्या थोरल्या साडूंना एखादी गोष्ट समजावून सांगणं या जन्मी कुणाला जमलेलं नाही, आणि पुढच्या जन्मीही कुणी त्या वाटेला जाऊ नये. मी जाऊन आलोय, म्हणून सांगतो. माझ्या बायकोने प्रयत्न केले, तिने हात टेकले. तिची मोठी बहीण, म्हणजे आमची ताई, या गृहस्थांची बायको. तिने तर जन्मभर समजावलं आणि शेवटी थकून देवाघरी निघून गेली. माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाईल. पण उभी हयात गेली एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये, डायलवरच्या काट्यांकडे बघत. काटा जरा हलला की हे खुर्चीतून उभे. चालतं युनिट धाडकन बंद पडलं की त्याला तिथे 'ट्रिप झालं' म्हणतात, आणि साडूंच्या तोंडी त्याहून घाण शिवी मी ऐकलेली नाही. घरी कुकर लावला की हे ओट्यासमोर खुर्ची टाकून बसणार. ताईने गॅस बंद करायला हात पुढे केला की, "थांब, प्रेशर आपोआप उतरू दे, घाई केलीस तर ट्रिप होईल!" माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मांडवातला जनरेटर खोकला. माझ्या मागे उभे असलेले साडू अक्षता तशाच मुठीत धरून तिकडे पळाले. अल्बममध्ये ते फक्त एका फोटोत आहेत, जनरेटरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जेलरोडला फ्लॅट घेतला, आणि ताई गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये काटे बघायला काही उरलं नाही. मग ते आमच्या घरी येऊन गीझरकडे बघत बसायचे. अशात त्यांचा एकुलता एक मुलगा पराग पुण्याची नोकरी सोडून जर्मनीला निघाला. जाताना गाडीतून एक काचेची मोठी पेटी, दोन-तीन प्रकारचे दिवे आणि आत एक प्राणी असं सगळं वडिलांच्या हॉलमध्ये आणून ठेवलं. "माझी तिकडे सोय लागेपर्यंत सांभाळा, बाबा." प्राणी हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, अंगावर काटे, आणि गळ्याखाली काटेरी पिशवी, ती फुगवली की हुबेहूब दाढी. माझी बायको बघायला गेली आणि दारातच म्हणाली, "अगं बाई, सरडा!"

"सरडा नाही, बिअर्डेड ड्रॅगन," साडू म्हणाले. "ऑस्ट्रेलियाचा आहे."

"बरं. ऑस्ट्रेलियाचा सरडा."

दाढी बघून साडूंनी त्याचं नाव ऋषी ठेवलं. जिन्यात कुणी भेटलं की, "ऋषीला आज साफ झाली नाही," नाहीतर, "ऋषी भोपळ्याचा कीस आवडीने खातो," असली बातमी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं, "नातू आला का हो राहायला?" साडू म्हणाले, "तसंच समजा." फ्लॉवरमध्ये एक अळी निघाली म्हणून अख्खा गड्डा भाजीवाल्याच्या गाडीवर परत नेऊन आपटणारा हा माणूस, आता पक्ष्या-माशांच्या दुकानात उभा राहून अळ्या निवडून घ्यायला लागला. "या सुस्त दिसतायत, ताज्या दाखवा," म्हणायचे. मी कपाळाला हात लावायचा तेवढा लावला.

पण खरी गोष्ट सरड्याची नव्हती. पराग पूर्वी महिन्याकाठी एखादा फोन करायचा. औषध घेता का, जेवता का, बरं ठेवतो. संपलं. ऋषी आला आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाला, तोही चांगला अर्धा-अर्धा तास. साडू फोन काचेला लावून धरायचे. तिकडे जर्मनीत पराग दिसायचा, इकडे ऋषी दिसायचा, आणि साडू कुठे दिसलेच तर कोपऱ्यात अंगठ्याएवढे, कारण तो त्यांचा अंगठाच असायचा. पण मुलाचा आवाज घरात अर्धा तास घुमायचा. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा. सोमवारी ते मला फोन करून सांगत, "काल पराग खूप बोलला." काय बोलला? तर ऋषीच्या नखांविषयी.

परागने जाताना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. समजावून! तो बिचारा मुलगाच, त्याला वाटलं असेल बाप ऐकतोय. "याला ऊब लागते," एवढं पहिलं वाक्य साडूंच्या कानात शिरलं आणि दार बंद झालं. ऊब म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे बॉयलर, आणि बॉयलर थंड होता कामा नये. ते पेटीच्या दोन्ही टोकांना दिवे लावून मोकळे झाले. लाईट गेली तर इन्व्हर्टर, तो दगा देईल म्हणून शेजारी आणखी एक बॅटरी. हॉलमध्ये आठ प्रहर लखलखाट. शिवाय याला एकट्याला करमत नसेल म्हणून ताईचा कपाटातला आरसा काढून पेटीच्या आत, त्याच्या तोंडासमोर उभा केला. "बघा, सोबत झाली," म्हणाले. रविवारी फोन धरताना आरसा बाजूला ठेवायचे, नाहीतर चकाकतो म्हणून.

हळूहळू ऋषीची दाढी काळी पडायला लागली. शाई सांडल्यासारखी काळी. पोटावर काळपट पट्टे आले. दिवसभर तो काचेवर उभा राहून पुढच्या पायांनी ओरबाडायचा, थकून पडायचा, परत उठून ओरबाडायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण ही धाव बघवत नव्हती. अन्नाला तोंड लावेना. मग मराठी माणसाच्या घरात आजारी माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. सगळे भेटायला आले. सोसायटीतली माणसं चपला काढून पेटीभोवती बसली. पिंपळगाव बसवंतहून ताईचे मामेभाऊ द्राक्षांची पेटी घेऊन आले आणि एक द्राक्ष त्याच्या नाकासमोर धरून आग्रह करायला लागले, "खा रे, खा, एक्स्पोर्टचा माल हाय, लाजू नको!" ऋषीने डोळे मिटून घेतले. माझ्या बायकोने निदान केलं, दृष्ट लागली. तिने मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. त्या झणझणीत धुरात आम्ही सगळे खोकत गॅलरीत पळालो. ज्याची दृष्ट काढली तो मात्र काचेत कोंडलेला, दाढी आणखी फुगवून.

रविवारी परागने विचारलंच, "बाबा, त्याची दाढी काळी का दिसतेय?"

"उजेडाचा दोष आहे रे," साडू म्हणाले. किती खरं बोलतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फोन ठेवल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा पार उतरलेला. "हा गेला तर पराग फोन कशाला करेल हो?" म्हणाले. मी म्हटलं, काहीतरीच काय, मुलगा आहे तुमचा. पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता, आणि ते त्यांना कळलं. काट्यावरून नजर न हटवणाऱ्या माणसाला एवढं कळतंच.

शेवटी मी जबरदस्ती केली आणि आम्ही गंगापूर रोडला असले प्राणी बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे निघालो. आंब्याच्या खोक्यात ऋषी, शेजारी गरम पाण्याची पिशवी, वरून ताईची शाल. द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली ती अडकलीच. चारी बाजूंनी हॉर्न. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "खोक्यात काय हाय, काका?" साडू म्हणाले, "पेशंट." त्याने हॉर्नवरचा हात काढला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या. ऋषीला उलटसुलट करून बघितलं, मग विचारलं, "दिवा किती वाजता बंद करता, काका?"

साडूंची छाती फुगली. "बंद? मॅडम, आल्यापासून एकदाही ट्रिप नाही. चोवीस तास अखंड सप्लाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आल्यापासून याला रात्रच मिळालेली नाही."

साडू खोक्यातल्या शालीची उगाच घडी घालत बसले. ज्याने आयुष्यभर गावागावाला उजेड पुरवला, त्याला आपण एका जिवाची झोप उडवली हे पचवायला वेळ लागणारच. मग बाईंनी सांगितलं. ऊब दिवसा द्यायची, तीही पेटीच्या एकाच टोकाला. दुसरं टोक गार ठेवायचं, तापला की त्याला तिकडे जाता आलं पाहिजे. अंधार पडला की सगळं बंद. लपायला एक आडोसा. मी आरशाची चहाडी केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला आरशात सोबती दिसत नाही, काका, वैरी दिसतो. त्याला वाटतं, घरात कुणी घुसलंय आणि काही केल्या जात नाही. म्हणून दाढी काळी करतो, काच ओरबाडतो. यांना सोबत लागत नाही. हे एकटेच खूश असतात."

साडूंना रात्रीचं पटलं होतं. आरशाचंही पटलं. हे काही पटेना. "एकटं कोण खूश असतं हो?" त्यांनी विचारलं, अगदी मनापासून. बाईंनी पेन परत उचललं. त्यांनी पथ्य सांगितलं: पेटीच्या तीन बाजू कापडाने झाका, पाहुणे बंद, उचलणं बंद, समोर फोन धरणं तर बंदच. "तुम्ही नुसते लांब बसा. त्याला वाटलं तर तो येईल."

त्या दिवशी दिवेलागणीला, शेजारीपाजारी दिवे लावत असताना, साडूंनी ऋषीचा दिवा बंद केला. बटणावर बोट ठेवून किती वेळ उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मुद्दाम कधी बंद केलं नव्हतं हो." मग परागला सांगितलं की आता दाखवता येणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे बाबा, त्याला आराम द्या. बरा झाला की सांगा, मग फोन करतो."

ऋषी बरा झाला. आधी दाढीचा काळा रंग फिका झाला, मग पट्टे गेले, मग एका सकाळी शेवग्याचा पाला गायब. साडू हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे, पेपरही न वाजवता. एक दिवस तो खरंच आडोशातून निघाला, काचेपाशी आला आणि मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत बसला. मी म्हटलं, झालं तर मग, लावा फोन जर्मनीला! ते म्हणाले, एकदा धरून बघितला होता. फोन जवळ नेला की दाढी काळवंडते. नको. मी म्हटलं, क्षणभर काळवंडली तर मरतो का तो? सरडाच आहे, रंग बदलायचाच! पण मी आधीच सांगितलंय, या माणसाला समजावता येत नाही. रविवारमागून रविवार गेले. त्या घरात आता सगळ्यांना आराम होता, आणि तो आराम मला बघवेना.

मग मीच परागला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. तुझा सरडा ठणठणीत आहे, बापाचं काय ते विचार. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बाबांशी काय बोलायचं तेच सुचत नाही हो. ऋषी असला की बरं पडायचं." रागावणार तरी कुणावर? पोरगं खोटं बोलत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तिथे असतानाच फोन आला. ऋषीला त्रास नको म्हणून साडू गॅलरीत गेले. पहिल्यांदाच फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला. तोही इतका जवळ की परागला नुसतं कपाळ दिसत असेल. "दिसतोय का?" "दिसताय बाबा." मग दोघेही गप्प. मी उगाच आत जाऊन चहा टाकला. परत आलो तर पराग तिकडे स्वयंपाक करत होता आणि साडू बघत होते. बऱ्याच वेळाने साडू म्हणाले, "आच मोठी आहे रे. कमी कर." "हो बाबा," म्हणून त्याने कमी केली. मला वाटलं, चला, लागला मार्गी हा माणूस.

पण कसलं काय. आता दर रविवारी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसतात. कधी फोन येतो, कधी येत नाही. परवा आला नाही. ऊन गॅलरीतून सरकून भिंतीवर गेलं, चहा गार झाला, तरी हे बसलेलेच. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, वाट कसली बघताय? तुम्हीच लावा की!"

त्यांनी फोन उचलला, जरा वेळ नुसता हातात धरला आणि परत मांडीवर ठेवला. "नको," म्हणाले, "त्याला त्रास होईल."