टोपीच्या निकालासाठी आणलेला प्लेयर

आमच्या घरात डीव्हीडी प्लेयर आला तो सिनेमे बघायला नाही. तो आला मामाच्या डोक्यावर टोपी होती की नव्हती, हे बघायला. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, मग होती का? जरा दम धरा. मलाही धरावा लागला होता, आणि मी मुळातच धीराची नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न आमच्या दारातच झालं, किन्हवलीच्या अलीकडं आमचं गाव आहे तिथं. आमच्याकडे मांडवात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात. माइकवर नाव पुकारायचं, माणूस पुढं येतो, घरच्या कर्त्यानं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि खांद्यावर टॉवेल टाकायचा. तो टॉवेल इतका विरळ असतो की त्यातून पलीकडचा माणूस ओळखता येतो. टोपी तर संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी पोराच्या डोक्यावर जाते. पण ती मिळाली नाही, तर माणूस जन्मभर विसरत नाही. आणि नवरीचा मामा म्हणजे मानाचा पहिला धनी.

मामाचं म्हणणं, त्याचं नाव पुकारलं, तो पुढं झाला, आणि बाबांनी टोपी भलत्याच्याच डोक्यावर ठेवली. बाबांचं म्हणणं, याच हातानं ठेवली, याच डोक्यावर. मांडवात शे-दोनशे माणसं होती आणि एकानंही नीट बघितलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडं. मामा भाचीच्या पाठीशी उभा राहिला, अक्षता पडेपर्यंत थांबला, आणि मग न जेवता निघून गेला. लग्नघरातून सख्खा मामा उपाशी गेला. आमच्याकडे याच्यापुढं दुसरी नाचक्की नाही.

त्या दिवाळीला आईनं भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार केलं आणि दारात बसून राहिली. मामाच्या वैशाखऱ्याहून सरळगावला आणि तिथून किन्हवलीला येणारी शेवटची गाडीही येऊन गेली. मग तिनं चंद्राला ओवाळलं आणि ताट आत ठेवलं. मला इतका संताप आला होता, मामाचाही आणि बाबांचाही. दोन पिकल्या केसांचे गडी आणि भांडण कशावरून, तर टोपीवरून.

शूटिंगची आठवण बाबांनाच आली. लग्नाचं शूटिंग मुरबाडच्या एका माणसानं केलं होतं आणि त्याची सीडी आमच्या कपाटात पडून होती. एकदा शेजारच्या काकूंनी भाड्यानं आणलेल्या टीव्ही-सीडी प्लेयरमध्ये घालून बघितली होती, पण तो तिला ओळखच देईना. शूटिंगवाला म्हणाला, ती कॉम्प्युटरची सीडी आहे, साध्या प्लेयरला चालणार नाही. बाबांनी वैशाखऱ्याला निरोप धाडला, येऊन डोळ्यानं बघ म्हणावं.

मी तेव्हा शहापूरला एका ऑफिसात कामाला होते. मी म्हटलं, तुम्ही दोघं शहापूरला चला, तिथं सायबर कॅफेत दहा मिनिटांत दाखवते. दोघांनाही ते पटलं नाही. दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. अपमान चारचौघांत झाला, तर निकालही चारचौघांतच लागला पाहिजे, आणि तोही त्याच जागेवर. मग मी मुकाट्यानं शहापूरच्या दुकानातून कॉम्प्युटरची सीडी चालणारा डीव्हीडी प्लेयर आणला.

पहिल्या रविवारी मामा आला. येताना पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा घेऊन आला. ओटीवर बसला आणि जाहीर केलं की निकाल लागेपर्यंत या घरातलं पाणीसुद्धा पिणार नाही. आई आतून तांब्या घेऊन निघाली होती, ती तशीच उंबऱ्यात थांबली. मामानं बाटली तोंडाला लावली आणि वैशाखऱ्याचं पाणी प्यायला.

ओटीवर टीव्ही मांडला. गावातली माणसं जमली, पंचायतीला जमतात तशी, बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. मी खोक्यातून प्लेयर काढला, पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी काढल्या, आणि टीव्ही फिरवला. मागे फक्त अँटेनाचं एक भोक. तीन वायरी, एक भोक. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि अख्खं गाव माझ्याकडं. कॉलेजात जाऊन आलेली पोरगी असल्यामुळे मला वायरी कळतात, असा सगळ्यांचा समज होता.

निकाल पुढच्या रविवारवर गेला. मामानं स्वतःचा डबा स्वतः खाल्ला, बहिणीच्या ओटीवर बसून, आणि गाडीला गेला. आई चुलीपुढं बसून होती. तिनं भावासाठी म्हणून वालाचं बिरडं केलं होतं. ते आम्ही खाल्लं.

किन्हवलीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की मध्ये एक जुना व्हीसीआर जोडा, म्हणजे तीन वायरी त्याच्या पाठीत जातील आणि त्याच्यातून एक निघून टीव्हीत जाईल. व्हीसीआर काकूंच्या माळ्यावर होता. त्यांचे यजमान पूर्वी सत्यनारायणाला व्हिडिओ लावायचे. तो खाली काढला तर आत कुंभारमाशीनं घर केलेलं. मातीची अख्खी चाळ उभी होती. ती काढायला बाबा बसले, पण त्यांचे हात जाड. मग मामा मला म्हणाला, तसं नाय गो, कोंबडीचं पीस आण. आणि दोघं मेव्हणे एका व्हीसीआरवर डोकं लावून बसले. बाबा टॉर्च धरायचे आणि मामा पीस फिरवायचा. भांडण चालूच होतं, बरं का. एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. ‘यांना सांग टॉर्च वर धरा,’ असं मामा मला सांगायचा, आणि बाबा मी सांगायच्या आत टॉर्च वर धरायचे.

मग एका रविवारी चित्र आलं ते काळं-पांढरं, आणि खालून वर पळणारं. लोक म्हणाले अँटेना फिरवा. मी ओरडून सांगितलं की अँटेनाचा आता काही संबंध राहिलेला नाही, वायर काढलीय मी तिची. कोण ऐकतंय? बाबा कौलांवर चढले, मामानं खालून शिडी धरली, आणि दोघांनी सुटलेल्या वायरीची अँटेना चारी दिशांना फिरवून बघितली. खालून सगळे ‘आलं, आलं, गेलं’ म्हणत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

कधी चित्र यायचं तर वीज जायची, वीज यायची तर आवाज नसायचा. मामा मात्र दर रविवारी ठरल्यासारखा यायचा. त्याची बाटली दुपारपर्यंत संपायची. मग तो आमच्या दारासमोरच्या हापशीवर भरायचा आणि सांगायचा की हापशी ग्रामपंचायतीची आहे. त्याच हापशीचं पाणी आमच्या माठात होतं. पण माठ आमचा, म्हणून ते चालत नव्हतं.

डब्याचा तोडगा आईनं काढला. रविवारी सकाळीच ती परातीत पीठ घेऊन काकूंच्या घरी जायची, त्यांच्या परसातल्या चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण करायची आणि मागच्या दारानं परत यायची. दुपारी काकू ते ताट घेऊन यायच्या आणि मामाला म्हणायच्या, आमच्याकडचं चार घास खा. शेजारणीचं खायला मामाला हरकत नव्हती. पहिला घास घेतला आणि तो थांबला. मग म्हणाला की काकूंच्या हाताला आमच्या आयेची चव हाय. काकूंनी जन्मात कधी सुकट शिजवली नव्हती, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि ते मामाला चांगलं माहीत होतं. गावालाही माहीत होतं. मामानं भाकरी मागून घेतली आणि आई दाराआडून बघत होती.

दसऱ्याला आम्ही विळे-कोयते पुजतो. आईनं त्या रांगेत डीव्हीडी प्लेयर आणि व्हीसीआरही मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि हात जोडून बराच वेळ डोळे मिटले. मला वाटलं, सुरू होऊ दे म्हणून सांगते आहे. मी तसं विचारलं तर म्हणाली,

“सुरू नको हो, म्हनून सांगितलं.”

मी वेड्यासारखी बघत राहिले. मग तिनंच समजावलं. टोपी दिलेली निघाली, तर भाऊ तोंड दाखवायला यायचा नाही. नाही दिलेली निघाली, तर तुझा बाप त्याला तोंड दाखवायचा नाही. हरणार कुणी का असेना, येणं माझ्या भावाचंच बंद होणार. आता निदान रविवारचा येतो तरी. एवढं बोलून ती भात घालायला आत गेली. इतके रविवार मी त्या यंत्रापुढं घाम गाळत होते, आणि घरातलं एक माणूस ते बंद पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं!

पण यंत्राला देवाची भीड नसते. पुढच्याच रविवारी मी प्लेयरमध्ये कुठलीशी सेटिंग बदलली आणि चित्र आलं. रंगीत, स्थिर, आवाजासकट. वीजही होती. आई आतून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

शूटिंगवाल्यानं त्या लग्नाचं काय करून ठेवलं होतं ते काय सांगू. नवरी हळद लावून घेते आणि मागे बर्फाचे डोंगर. नवरदेव एका गुलाबातून बाहेर येतो. आमचे आजोबा पानाला चुना लावतायत आणि त्यांच्या डोक्याभोवती कबुतरं. पण हळूहळू मांडव आला. माइक आला. मामाचं नाव पुकारलं गेलं, ते सगळ्यांनी ऐकलं. मामा पुढं झाला. बाबांनी टोपी उचलली. हात वर गेला. आणि पडद्याच्या मधोमध एक भलामोठा लाल बदाम उगवला. बदामात माझी बहीण हसत होती. बदाम गोल फिरला, फिरतच राहिला, आणि फुटून त्याच्या चांदण्या झाल्या. चांदण्या विरल्या तेव्हा माइकवर दुसऱ्याच कुणाचं नाव चाललं होतं.

पुन्हा लावा, म्हणून गलका झाला. मी मागे नेलं, पुढं नेलं, थांबवलं. बदामाच्या खालून बाबांचं कोपर दिसत होतं. कोपरावरून दोन तट पडले. कोपर वळलंय म्हणजे टोपी ठेवली, असं एक म्हणे. वळलंय म्हणजेच दुसरीकडं गेली, असं दुसरा. बाबा आणि मामा दोघंही उभे राहिले. दोघंही त्या शूटिंगवाल्याचा उद्धार करत होते, आणि मी सीडी तशीच पुढं चालू ठेवली होती, बंद करायचं सुचलं नाही म्हणून.

तेवढ्यात काकू आईला म्हणाल्या, अगो, ही बघ तू.

पडद्यावर मांडवाची मागची बाजू होती. जीप निघालेली. पुढं ड्रायव्हरशेजारी मामा, मान ताठ, समोर बघणारा. आणि जीपच्या मागे माझी आई पळत होती. लग्नातलं नवं लुगडं, पायात काही नाही, आणि दोन्ही हातांत वाढलेलं ताट. भात, वरण, वर बुंदी. ताट सांडू नये म्हणून तिला नीट पळताही येत नव्हतं. जीप वळणावरून गेली. आई रस्त्याच्या मधे ताट घेऊन उभी राहिली आणि रडायला लागली.

शूटिंगवाल्याला वाटलं, मुलीच्या पाठवणीला रडते आहे. त्यानं ते अगदी संथ करून टाकलं होतं. सनई लावली होती आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. त्या पाकळ्या ताटातल्या भातावर पडताना दिसत होत्या.

आईनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मामानं तर मागे वळून बघितलंच नव्हतं. आता बघत होता. ओटीवर कुणी हसलं नाही, पाकळ्यांनाही नाही. बाबा हळूच खाली बसले. मला रडू आलं, आणि त्या बदामवाल्याचा पहिल्यांदाच राग आला नाही.

सनई संपली. मामा अजून उभाच होता. खांबापाशी उभ्या आईकडं न बघता म्हणाला,

“ताय, ताट वाढ.”

आईनं पदरानं तोंड पुसलं.

“हात धू आधी,” ती म्हणाली.

मामानं वैशाखऱ्याहून आणलेली बाटली उचलली. सकाळची होती, अजून भरलेली. ओटीच्या कडेला बसून त्यानं ती सगळी हातांवर ओतली, शेवटचा थेंब झटकला, आणि रिकामी बाटली बाबांच्या हातात देऊन आत जेवायला गेला.