परत न करायची पेटी

फराळ देण्यासाठी मी एक अशी पेटी तयार केली, की जी परत करावी लागत नाही. आणि ती वाटली माझ्याच चाळीत. मूर्खपणा एवढाच. बाकीचं त्याच्यामागून आपोआप आलं.

ह्यात मूर्खपणा कुठला, असं कुणालाही वाटेल. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. उलट त्या दिवाळीत मी छाती काढून चालत होतो, आणि माझी छाती तेव्हा काढण्यासारखी मुळीच नव्हती.

सोलापुरात मी पुठ्ठ्याच्या पेट्यांच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, पुठ्ठा कापायची दोन यंत्रं आणि चुलीवरून कधीच न उतरणारं खळीचं पातेलं. पातळांच्या आणि धोतरांच्या व्यापाऱ्यांना लागणाऱ्या पेट्या आम्ही करायचो. नव्या मापाची पेटी हवी असली की पहिला नमुना माझ्याकडून करून घेत. तेवढ्यावरून मी स्वतःला कारागिरांत धरत नव्हतो, कलावंतांत धरत होतो. बाकी कुणी धरत नव्हतं.

राहायला गिरणीच्या मागच्या चाळीत एक खोली होती. सांगोल्याला आई होती तोवर घर होतं. ती गेल्यावर घराला कुलूप घातलं आणि किल्ली ट्रंकेत टाकली. लग्नाचं दोन ठिकाणी बोलणं झालं होतं. दोन्हीकडची मंडळी "कळवतो" म्हणाली. अजून कळवतायत. गिरणीचा भोंगा झाला की चाळ रिकामी व्हायची, पुन्हा झाला की भरायची, आणि भरल्यावर माझी खोली जास्तच रिकामी वाटायची. रात्रीच्या जेवणाला मी खानावळीत मुद्दाम उशिरा जात असे. वाटायचं, वाढपी तरी विचारेल, "आज उशीर?" तो म्हणायचा, "भाजी संपली."

कडी वाऱ्यानं हलली तरी मी "कोण?" म्हणून विचारत असे. आता हसू येतं. तेव्हा उत्तराची वाटही बघत असे.

पण माझ्या दाराशी येणारं एक माणूस होतं, आणि ते यायचं एका वाटीमुळे.

चाळीच्या टोकाच्या खोलीत मोहोळकडच्या एक मावशी राहत. माझ्या नात्यागोत्याच्या कुणी नव्हेत, पण अख्खी चाळ त्यांना मावशी म्हणे आणि त्या अख्ख्या चाळीला अरेतुरे करत. त्यांचे यजमान, आमचे काका, गिरणीत मागावर होते. मावशींनी शेंगाची पोळी केली, हुलग्याचं माडगं केलं, की एक वाटी माझ्या उंबऱ्यावर यायची. पितळेची, एका बाजूनं चेपलेली. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत मलाही माहीत होती. मी तिच्यात कधी गुळाचा खडा, कधी एखादा पेरू घालून देत असे.

मात्र देण्याची घाई करत नसे. खरं म्हणजे मी ती वाटी दडवत असे. ट्रंकेच्या मागे, वळकटीच्या आड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला की काका माझ्या दारात उभे.

"काय पुठ्ठेवाले, आमची वाटी हाय का हितं?"

"बघतो हं, काका. बसा की."

मग मी शोधायला लागायचो. माझ्या खोलीत चार माणसं उभी राहिली तर पाचव्यानं बाहेर थांबावं, एवढीच जागा. पण वाटी जिथं नाही हे पक्कं ठाऊक आहे तिथंच शोधायचं ठरवलं, तर कितीही वेळ लावता येतो. तोवर काका उंबऱ्यावर टेकायचे, बिडी पेटवायचे. आज सूत किती तुटलं, मागावरचा जॉबर-मुकादम कुणावर डाफरला, मोहोळच्या विहिरीचं पाणी ह्या साली कुठवर उतरलं. त्यांनी एक बैल विकला होता. तो अजून स्वप्नात येतो म्हणायचे. "येतो आन् नुस्ता बघतो." मी चटई उचलून तिच्याखाली वाटी शोधायचो.

शेवटी वाटी सापडायची. काका ती हातात घ्यायचे, बोलता बोलता उंबऱ्यावर ठेवायचे आणि पुष्कळदा तिथंच विसरून जायचे. म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेच. मी मनात म्हणायचो, काय भोळा माणूस आहे, किती सहज फसतो!

असं सगळं बरं चाललं होतं. मग अण्णा आले.

अण्णांचं मिठाईचं दुकान होतं. माणूस अक्कलकोटकडचा, मराठी कानडीच्या चालीवर बोलायचा आणि आपल्याहून लहान असेल त्याला 'तम्मा' म्हणायचा. दिवाळीत व्यापारी लोक त्यांच्याकडून फराळ घेऊन मोठ्या गिऱ्हाइकांना आणि साहेबलोकांना भेट पाठवत. तो जाई अण्णांच्या पितळी ताटांतून.

"ताट जातंय तम्मा, परत येत नाही," अण्णा म्हणाले. "मागायला गेलं तर साहेबाचा पट्टेवाला मलाच विचारतो, कसलं ताट? तू मला पेटी करून दे. टाकून दिली तरी चालेल अशी. पण झाकण काढलं की पाची जिनसा एकदम दिसल्या पाहिजेत. आणि एकीनं दुसरीला हात लावता कामा नाही."

पाची जिनसा म्हणजे लाडू, करंजी, चकली, शंकरपाळी आणि चिवडा. ह्या पाचांचं एकमेकांशी किती वाकडं आहे ते पेटीत घातल्याशिवाय कळत नाही. पहिल्या नमुन्यात मी पुठ्ठ्याच्या आडव्याउभ्या पट्ट्या घालून पाच सारखे खण केले. मोठ्या ऐटीत पेटी टांग्यात ठेवली, स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. झाकण काढलं. लाडू पट्टी ओलांडून चकल्यांवर जाऊन बसले होते, करंज्यांचं सारण शंकरपाळ्यांत गेलं होतं आणि चिवडा सगळीकडे होता. टांगेवाला वाकून बघून म्हणाला, "भेळ हाय व्हय?"

पुढचा आठवडाभर मी तीच भेळ खाल्ली. एकटा माणूस पाच माणसांचा फराळ किती दिवस खाऊ शकतो, हे मला तेव्हा नीट समजलं.

पण मी चिकाटीचा. डोळे उघडे ठेवून हिंडायला लागलो. खानावळीत पाण्याचा माठ तिवईच्या भोकात बसलेला दिसला, तशी लाडवांसाठी पुठ्ठ्याला गोल भोकं पाडली. लाडू त्यांत कमरेपर्यंत बसले आणि जागचे हलेनात. मावशींच्या मांडणीवर ताटं उभी होती. तशा खाचा करून चकल्या उभ्या केल्या. करंज्यांना कमानी दिल्या, पाठ वर आणि कडा खाली. चिवड्याला कोपऱ्यात कागदाचा शंकू, शंकरपाळ्यांना पुढचा खण. आणि मागची रांग उंच, पुढची खाली, सर्कशीतल्या बाकांसारखी, म्हणजे मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. तुपाचे डाग पडू नयेत म्हणून तळाशी मेणकागद.

एक अडचण उरली ती खळीची. किडे लागू नयेत म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालायचो. आता मोरचूद म्हणजे विष, ते फराळाच्या पेटीत कसं चालेल? मी साध्या कणकेची खळ केली. ह्या शहाणपणाबद्दल मी माझी पाठ बराच वेळ थोपटली. ती गोष्ट पुढे येईल.

पेटी पुन्हा टांग्यातून फिरून आली. ह्या वेळी झाकण काढलं तेव्हा सगळे आपापल्या जागी बसलेले होते, जणू कुणीतरी येणार आहे म्हणून कपडे करून. मी पेटी खोलीच्या मधोमध ठेवली, समोर बसलो, आणि तोंडातून निघून गेलं, "या, बसा." मग आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं. ऐकायला कुणी नव्हतंच.

अण्णा खूश झाले. पेट्यांचे गठ्ठे दुकानात गेले, आणि कोपरे दुमडलेल्या थोड्या पेट्या कारखान्याच्या मालकांनी मला दिल्या. त्या मी दिवाळीच्या तोंडावर चाळीत दारोदार वाटल्या. नुसत्या वाटल्या असत्या तरी चाललं असतं. मी भाषणही केलं.

"ह्यात फराळ भरा, द्या आणि विसरा! कुणाची वाटी कुणाकडे राहिली, कुणी मागायला जायचं, ही कटकटच संपली."

मावशींनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली. "खरंच परत द्यायची न्हाय?"

"नाही, मावशी. टाकून द्यायची."

"आन् मागायला बी जायाचं न्हाय?"

"मुळीच नाही!"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "लई ब्येस," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला ती शाबासकी वाटली.

दिवाळीआधीच्या दिवसांत अण्णांच्या पेट्यांसाठी कारखाना उशिरापर्यंत चालू होता. एका संध्याकाळी परतलो तर उंबऱ्यावर पेट्या मांडलेल्या. मावशींची होती, शेजारच्यांची होती, समोरच्या रांगेतल्या दोघांची होती. मी नव्हतो म्हणून ठेवून गेले. हातात द्यावी असं काही कारणच नव्हतं. आत नेऊन सगळ्यांची झाकणं काढली. जिकडेतिकडे लाडू कमरेपर्यंत बसलेले, चकल्या उभ्या, करंज्या कमानीत. माझ्याच हातची इतकी सुबक मांडणी मी पूर्वी पाहिली नव्हती. खोली मिठाईचं दुकान दिसत होती. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणती लावली, धुतलेला सदरा घातला आणि दार उघडं ठेवून बसलो. बाहेर पावलं वाजत होती. मी चकली खात नव्हतो. तोंडात चकली असली की पावलं ऐकू येत नाहीत. शेवटी काकांची चाल ओळखू आली. ते दारासमोर आले.

"काय पुठ्ठेवाले, फराळ पोचला न्हवं?"

"पोचला, काका. लाडू छान झालेत."

"ब्येस."

ते उभे राहिले. त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं, मी ट्रंकेकडे बघितलं. ट्रंकेमागे काही नव्हतं. "बसा की," एवढं म्हणायचं होतं. पण कशासाठी बसा? शोधायला काहीच नव्हतं, आणि नुसतं बसा म्हणायची मला सवय नव्हती.

"बरं मग," काका म्हणाले आणि गेले.

पाडव्यालाही कुणी आलं नाही. दुपारी मी बाजारात जाऊन चांगली डोळे उघडलेली सीताफळं आणली. मनाशी ठरवलं, पेटी तर पेटी, रिकामी परत करायची नाही म्हणजे नाही. मावशींच्या पेटीतले खण उपटून काढले, तीत सीताफळं रचली, वर झाकण लावलं आणि निघालो. त्यांच्या दाराशी पोचेपर्यंत काय बोलायचं ते पाठ करत होतो.

बोलायची वेळ आली नाही. माझ्या खोलीत झुरळं पुष्कळ, आणि मोरचूद न घातलेली खळ हा त्यांचा दिवाळीचा फराळ झाला होता. मावशींनी दार उघडलं, मी पेटी पुढे केली, आणि तळ खाली गेला. सीताफळं धडाधड फरशीवर. दोन फुटली, बाकीची व्हरांड्यातून घरंगळत दारोदार गेली. सगळी चाळ बाहेर आली. कुणी सीताफळ उचलून आणलं, कुणी उचलून आत नेलं. मी झाकण आणि चार भिंती धरून उभा.

"हे काय?" मावशी म्हणाल्या.

"पेटी परत करायला आलो होतो."

"टाकून द्यायची म्हनला हुतास की."

"हो. पण रीत असते ना, मावशी."

"कसली रीत? पुठ्ठ्याची?"

मागून काका आले. हातात एक फुटकं सीताफळ. "पुठ्ठेवाले, ह्ये तुमचंच न्हवं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते नीट जमलं नाही. आणि त्या गडबडीत, काहीही पाठ न केलेलं वाक्य तोंडातून गेलं.

"काका आता येत नाहीत माझ्याकडे."

काकांनी फुटक्या सीताफळातली एक बी काढून टाकली, मग दुसरी. "यायला न्हाय कशाला म्हनतो मी," ते पुटपुटले. "पन आता वाटी विसरायची म्हनलं तरी वाटी न्हाय की."

मला एकदम कळलं, आणि कान गरम झाले. इतकी वर्षं फसत कोण होतं?

मावशी आत गेल्या. मांडणीवर भांडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा हातात ती चेपलेली पितळी वाटी होती आणि वाटीत त्यांच्या घरचा चिवडा. ती त्यांनी माझ्या हातातल्या तळ नसलेल्या पेटीत ठेवायला नेली, मग आतून जमीन दिसली तशी थांबल्या आणि वाटी माझ्या हातात कोंबली.

"वाटी ट्रंकंमागं दडवत हुतास," त्या म्हणाल्या, "तवा तरी जरा अक्कल हुती तुला."