कॅसेटची पलटी

सुहासिनीबाईंना पोवाड्यांचा कंटाळा होता, आणि पोवाडे ऐकून डोळे मिटून डोलणाऱ्यांचा तर मनस्वी तिटकारा. तरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या क्रॉयडनहून ट्राम धरायच्या, मग ट्रेन, मग ज्युबिली लाइन पार शेवटच्या स्टेशनापर्यंत, आणि स्टॅनमोरच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये रेडिएटरजवळची खुर्ची पकडून नाक मुरडत बसायच्या. नुसतं नाक मुरडायला एवढी पायपीट करणारी बाई अख्ख्या लंडनमध्ये दुसरी सापडली नसती.

हॉलमध्ये जमायचं ते 'शाहीर दादासाहेब मेंढे चाहता मंडळ, युनायटेड किंगडम'. नाव केवढं मोठं! माणसं मात्र ऊन असलं तर तीसेक, पाऊस असला तर डझनभर. खुद्द दादासाहेब नागपूरच्या पलीकडे एका खेड्यात राहायचे. आपल्या नावाचं मंडळ इंग्लंडात आहे हे त्यांना कुणीतरी कळवलं, तेव्हा त्यांचं उलट कार्ड आलं होतं, 'ढोलकीचं कातडं फाटलं आहे, काही करता येईल काय?' मंडळानं काय करावं? कार्डाला फ्रेम केली आणि भिंतीवर लावली. कातडं कुणी पाठवलं नाही. सुहासिनीबाई दर वेळी आत शिरताना त्या फ्रेमकडे बघायच्या आणि मनात म्हणायच्या, शहाण्यांनो, धन्य आहे तुमची.

मंडळाकडे शाहिरांची एकच कॅसेट होती. तीही दुकानातली नव्हे. सुहासिनीबाईंचा नवरा विनय एकोणऐंशी साली सुट्टीवर नागपूरला गेला असताना त्यानं मैदानात सतरंजीवर बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन ती भरली होती. विहिरीचा पोवाडा. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवू दिला नाही, त्यांनी स्वतःची विहीर खणली, त्याची गोष्ट. विनयच्या आजोबांनी असल्याच एका विहिरीसाठी पहार चालवली होती, म्हणून तो ऐकताना विनयचे डोळे भरून यायचे. ते सुहासिनीबाईंना समजायचं. त्या पुण्याच्या. विनयशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, तर यांनीही माहेराकडे पुन्हा वळून बघितलं नाही. गाण्यातलं दुखणं त्यांना कळत नव्हतं असं नाही. डोक्यात जायची ती समोरची गर्दी. ज्यांच्या आज्यांनी माणसं विहिरीवरून हाकलली असतील, त्यांचे नातू इथे हार्टफोर्डशरच्या सीमेवर बसून 'वा शाहीर, वा' करतायत, हे बघून त्यांना ओकारी यायची.

तर ती कॅसेट. पोवाडा मोठा आणि कॅसेट लहान. 'पहार खडकावर बसली' एवढं शाहिरांनी गायलं आणि खट्ट! पहिली बाजू संपली. विनयनं घाईघाईनं कॅसेट काढली, पलटली, पुन्हा आत सारली. इकडे सुहासिनीबाईंना डास फोडून खात होते. त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, अजून किती वेळ चालणार आहे हे?" तेवढ्यात विनयनं बटण दाबलं आणि मग उत्तर दिलं. त्यामुळे प्रश्न राहिला बाहेर, उत्तर भरलं गेलं, आणि विहिरीला पाणी लागलं ते कडवं कायमचं बुडालं. दुसरी बाजू सुरू व्हायची ती विनयच्या आवाजात: "सुहास, चूप बस ना! रेकॉर्डिंग होऊन राह्यली ना!" आणि लगेच शाहीर, पाणी गुडघ्याला लागलेलं.

क्रॉयडनच्या घरात विनय दर महिन्याला चार टाळकी गोळा करून ही कॅसेट लावायचा. सुहासिनीबाई शाळेच्या कँटीनमध्ये आठवडाभर गोऱ्या पोरांच्या ताटात कुस्करलेले बटाटे वाढायच्या आणि रविवारी या टाळक्यांसाठी पोहे. वर विनयचं ते वाक्य आलं की टाळकी खो खो हसायची. पुढे पुढे तर वाक्याबरोबर म्हणायलाच लागली. चाराची चाळीस झाली तशी त्याची रीतच पडली. पहार खडकावर बसली की सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवायचे, पाहुण्याला किंवा ज्याचा वाढदिवस असेल त्याला पलटीचा मान द्यायचा, त्यानं कॅसेट पलटायची, आणि अख्ख्या सभेनं एका सुरात ओरडायचं, "सुहास, चूप बस ना! रेकॉर्डिंग होऊन राह्यली ना!" तेही विनयसारखंच, 'ना' लांबवून. दादरचे, कोथरूडचे, सगळे त्या जागी नागपूरचे व्हायचे. मग मागे वळून सुहासिनीबाईंकडे बघून दात काढायचे. सुहासिनीबाई छताकडे बघायच्या.

एका फेब्रुवारीत विनय हार्टनं गेला. पंधरा दिवस होतात न होतात तोच श्रीनिवास दारात हजर. श्रीनिवास म्हणजे विनयनंतर मंडळाचा अध्यक्ष झालेला अकाउंटंट. स्टॅनमोरला डिटॅच्ड घर, बोलताना स्वतःच स्वतःला मान डोलवून दाद देणार. थोडा वेळ सोफ्यावर सुस्कारे टाकून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, वेळ नाही बरोबर, पण ती कॅसेट... मंडळाची ठेव आहे हो ती." सुहासिनीबाईंचं टाळकं सटकलं. कॅसेट त्यांनी त्याच्या मांडीवर जवळजवळ फेकली. "न्या एकदाचं ते रडगाणं! माझं घर सुटलं!"

महिन्याभरानं ध्यानात आलं. घरात विनयचे फोटो ढिगानं होते, कोट होता, चष्मा होता. आवाज कुठेच नव्हता. तो श्रीनिवासच्या काचेच्या कपाटात, स्फटिकाच्या हंसाशेजारी पडला होता. कॉपी मागावी तर अध्यक्षांचा नियम होता, कॉपी काढायची नाही, ओरिजिनल झिजतं. म्हणजे मागायचीच झाली तर हात जोडून, डोळ्यात पाणी आणून मागायला हवी. त्या श्रीनिवाससमोर! छे. त्यापेक्षा जीभ तोडून टाकीन, असं सुहासिनीबाईंनी ठरवलं आणि पुढच्या सभेच्या रविवारी गुपचूप स्टॅनमोर गाठलं, कारण सभा आता अध्यक्षांच्या सोयीनं तिथल्या हॉलमध्ये भरायची.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. त्या जायच्या, भाषणं सोसायच्या, ढोलकीच्या जागी टेबल बडवणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालायच्या. मग पलटी व्हायची. त्या तीस जणांच्या कोलाहलाखाली कान लावून विनयचा एक खरा आवाज वेचून घ्यायच्या आणि कोट चढवून परत. मंडळाला वाटायचं, बाईंची केवढी निष्ठा! एका वर्षी त्यांना 'ज्येष्ठ चाहती' म्हणून शाल दिली. ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाकली.

दोन हजार सातच्या वसंतात दादासाहेब गेल्याची बातमी आली. मंडळाचंही तसं झालंच होतं. जुने लोक थकले होते, श्रीनिवास घर विकून मुलीकडे मिल्टन कीन्सला निघाला होता, आणि वर्क परमिटवर आलेल्या नव्या पोरांना रविवारी आयकिया असायचं. सेक्रेटरी मनालीनं जाहीर केलं, "तर आपण एक ग्रँड फेअरवेल करू या. शाहिरांनाही, श्रीनिवासकाकांनाही आणि ह्या हॉललाही. मग मंडळ ऑनलाइन! आणि अनुप कॅसेटची सीडी करणारेय, एव्हरीबडी गेट्स वन."

सीडी! प्रत्येकाला! रेडिएटरजवळ सुहासिनीबाई खुर्चीत ताठ झाल्या. कुणापुढे हात न पसरता विनय घरी येणार होता. परतीच्या ट्राममध्ये त्यांना हसू आवरेना. शनिवारी त्यांनी आर्गॉसमधून सीडी प्लेयर आणला, विनयच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवला, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून भरतकामाचा रुमाल घातला. असला बावळटपणा दुसऱ्या कुणी केला असता तर त्यांनी महिनाभर त्याची टर उडवली असती.

निरोपाच्या दिवशी हॉल कधी नव्हे तो भरला. शाहिरांच्या फोटोला प्लास्टिकचा हार, कारण खरा महाग. मनाली नऊवारी नेसून, खाली पायात ट्रेनर्स, म्हणजे पळायचे बूट. श्रीनिवास आपल्या त्यागाबद्दल बोलला, मग पुन्हा त्यागाबद्दलच बोलला. सुहासिनीबाईंनी जांभई लपवलीसुद्धा नाही. शेवटी अनुप लॅपटॉप घेऊन पुढे आला. हा मंडळात नवा, बँकेत सॉफ्टवेअर करायचा, कानात अर्धा वेळ काहीतरी घातलेलं. "काका, काकू, आजपासून नो हिस, नो क्लिक! मी सगळं प्रॉपर क्लीन केलंय. एन्जॉय."

पोवाडा सुरू झाला. आवाज स्वच्छ होता, हे कबूल करायलाच हवं. शाहिरांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. लोक डोलायला लागले. पहार खडकावर बसली. सवयीनं सगळ्यांनी कप खाली ठेवले, छाती भरून घेतली, आणि शाहीर न थांबता पुढे निघून गेले. पाणी गुडघ्याला लागलंसुद्धा. उघडलेली तोंडं तशीच राहिली. कुणाला काही कळेना. मनाली तेवढी म्हणाली, "वॉव, एकदम सीमलेस!"

"थांबव ते," सुहासिनीबाई उठून उभ्या राहत म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. अनुपनं दचकून बटण दाबलं.

"मधलं कुठंय?"

"मधलं? अच्छा, ते कोणीतरी अंकल ओरडतात ते? डिलीट केलं, काकू. बॅकग्राउंड नॉइज होता. खूप वेळ लागला काढायला."

"मूळ कॅसेट?"

"ती... म्हणजे रेकॉर्ड झाल्यावर टेप गुंतली, तुटली. बिनमध्ये टाकली. पण आता ती लागणारच नाही ना? डिजिटल आहे आपल्याकडे."

कुणीतरी अनुपच्या कानात काहीतरी पुटपुटलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. श्रीनिवास, ओरिजिनल जपणारा श्रीनिवास, आपल्या बुटांकडे बघत होता. नियम यानंच केला होता, कपाटाची किल्ली यानंच जपली होती, आणि शेवटी कॅसेट एका पोराच्या हातात देताना 'सांभाळ रे' एवढंही यानं म्हटलं नव्हतं. सुहासिनीबाईंकडे त्याला सुनवायला पंधरा वर्षांचा साठा होता. या सगळ्यांनाच सुनवायला होता. तुम्हाला ना गाणं कळत, ना विहीर, ना माणूस. ढोलकीचं कातडं मागितलं त्याची फ्रेम करणारे तुम्ही. तोंडापर्यंत आलेलं सगळं त्यांनी गिळलं, कारण ते बोलायला लागलं असतं तर रडू आलं असतं, आणि यांच्यासमोर रडणं म्हणजे शोभा. आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही चीड येत होती. मांडीवर फेकली कुणी होती ती? एकदा तोंड उघडून 'मला द्या' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

"सॉरी, काकू," अनुप म्हणाला. "मी... परत लावू?" दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. त्यानं जरा मागून लावलं.

लोक मान खाली घालून ऐकत होते, कुणी डोलत नव्हतं. शाहीर खडकाशी आले. पहार उचलली. सुहासिनीबाई अजून उभ्याच होत्या, एक हात रेडिएटरवर, दुसऱ्या हातात पर्स. पहार बसली, आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. मोठ्यानं, वैतागून, डास चावत असावेत तसं.

"अहो, अजून किती वेळ चालणार आहे हे?"

हे वाक्य त्या हॉलमधल्या एकानंही कधी ऐकलेलं नव्हतं. पण श्रीनिवासची मान झटक्यानं वर झाली आणि तोंड आपोआप उघडलं. त्याच्या मागोमाग सगळ्यांचं. दादरचे, कोथरूडचे, नऊवारीवाली मनाली, सगळी बिनडोक जमात एका सुरात ओरडली, "सुहास, चूप बस ना! रेकॉर्डिंग होऊन राह्यली ना!"

कुणी हसलं नाही. शाहीर पुढे गात होते, ते कुणाला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं घोकून घोकून त्या मूर्खांनी विनयचा सूर जसाच्या तसा उचलला होता. तोच तो जरासा चिडलेला, जरासा हसणारा 'ना'.

सुहासिनीबाई खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घेतली. आणि नवऱ्यानं सांगितलं म्हणून, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, चूप बसल्या.